डीबीएसनंतर रात्र सुखाची होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: बाबांचं वय ६६, पार्किन्सन्सचं निदान होऊन ११ वर्षं झाली. दिवसातून पाच वेळा सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी), शिवाय प्रॅमिपेक्सोल ही पार्किन्सन्सचीच दुसरी गोळी. शेवटची गोळी रात्री नऊला. दोननंतर त्यांना कूस बदलता येत नाही, आईला हाक मारतात. झोपेत ओरडतात, हात झाडतात. गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याखाली लागलं. दिवसा पेपर हातात घेतला की पेंग येते. डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विजेचं उत्तेजन देण्याचं ऑपरेशन, करायचं जवळपास ठरलं आहे. मुलगी विचारते, "थरथर आणि ऑफ, म्हणजे गोळी उतरून अंग जखडण्याचा वेळ, कमी होईल हे डॉक्टरांनी समजावलं. पण रात्रीचं काय? आई पार थकून गेली आहे."

ताई, प्रश्न एकच असला तरी तुमच्या बाबांच्या रात्रीत तीन निरनिराळी दुखणी आहेत: कूस न बदलणं, झोपेतली हाणामारी आणि दिवसाची पेंग. पहिलं डीबीएसने बहुधा चांगलं सुधारेल. तिसरं सुधारू शकतं, पण ते नंतर कोणत्या गोळ्या किती कमी होतात त्यावर ठरेल. दुसरं सुधारणार नाही असंच धरून चाला. हे मी आधीच सांगतो आहे, कारण ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी "डॉक्टर, चालणं सुधारलं, पण रात्री अजून ओरडतात, म्हणजे तार नीट बसली नाही का?" असं घाबरून विचारणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. तार नीट बसलेली असते. त्यांना कोणी आधी कल्पना दिलेली नसते, एवढंच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही देत नसे. थरथर, ताठरपणा, चालणं यातच तपासणीचा वेळ संपायचा आणि झोपेचं विचारायचं राहून जायचं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

खरं तर झोपेची गोष्ट या आजाराइतकीच जुनी आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातच आजार वाढला की झोप बिघडते, अंगाची थरथर झोपेतही होते आणि रुग्ण घाबरून जागा होतो, हे नोंदवलेलं आहे. तरीही कित्येक वर्षं दवाखान्यात दिवसाच्याच तक्रारी ऐकल्या गेल्या, कारण डॉक्टरला रुग्ण दिसतो तो दिवसा, गोळी चढलेली असताना.

आता पहिलं दुखणं. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. साधारण तासा-दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. आजार नवा असताना मेंदूतल्या पेशी थोडा साठा धरून ठेवतात, म्हणून रात्र निभते. ११ वर्षांनंतर तो साठा उरत नाही. नऊची गोळी एक-दोनपर्यंत पूर्ण उतरते आणि सकाळच्या पहिल्या गोळीपर्यंत बाबा चार-पाच तास सलग ऑफमध्ये असतात. दिवसा एवढा लांब ऑफ आपण कधीच चालवून घेतला नसता. रात्री तो अंधारात, पांघरुणाखाली जातो आणि आपण त्याला "झोप लागत नाही" असं नाव देतो. मग कोणीतरी झोपेची गोळी लिहून देतं. त्याने बाबांची कूस काही वळत नाही. उलट गुंगीत बाथरूमला जाताना पडण्याची भीती वाढते.

एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या पत्नीने मला रात्रीचा व्हिडिओ दाखवला होता. मोबाइल कपाटावर टेकवून तिने तो काढला होता. गृहस्थ डाव्या कुशीवर होते, त्यांना उजवीकडे वळायचं होतं. आधी उजवा हात पलंगाची कड शोधतो. कड सापडते, पण बोटांत जोर येत नाही. मग गुडघा वर घ्यायचा प्रयत्न. गुडघा उचलला जातो, पण सुती चादर त्याच्याबरोबर गोळा होते आणि पाय तिथेच अडकतो. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त श्वास. पुन्हा हात. अकराव्या मिनिटाला ते उताणे झाले, पण उजवी कूस काही मिळाली नाही. शेवटी हाक ऐकू येते आणि पत्नी चित्रात येते. पाठीखाली हात घालून एका झटक्यात ती त्यांना वळवते. इतकं सराईतपणे, की अशा किती रात्री गेल्या असतील ते न विचारताच कळतं.

हे डीबीएसने सुधारतं. का, ते सांगतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये अलीम-लुई बेनाबीद यांच्या गटाने १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूतल्या भागात सतत उत्तेजन देऊन थरथर थांबवली आणि १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे ठिकाण वापरायला सुरुवात केली. हे केंद्र चवळीच्या दाण्याएवढं, दोन्ही बाजूंना एकेक. त्यात बारीक तार बसवून छातीच्या कातडीखालच्या यंत्रातून सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे सूक्ष्म ठोके दिले जातात. गोळी चढते-उतरते, हे उत्तेजन तसं उतरत नाही. रात्री तीनला ते दुपारी तीनइतकंच चालू असतं. रात्रीच्या ऑफवर म्हणूनच ते इतकं उपयोगी पडतं.

पॅरिसच्या एका गटाने २००० साली दहा रुग्णांची रात्रभर तपासणी करून यंत्र चालू असतानाची आणि बंद असतानाची झोप ताडून पाहिली. चालू असताना रात्रीचा जखडलेपणा बराच कमी झाला, पहाटे पायाची बोटं आखडून येणारा गोळा थांबला, झोप सलग लागली. पण स्वप्नातली हाणामारी आणि झोपेत ठरावीक अंतराने उडणारे पाय यांत फरक पडला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांतही चित्र साधारण हेच राहिलं आहे. माझा ओपीडीतला अनुभवही याला धरूनच आहे.

तुमच्या बाबांना किती फायदा होईल याचा अंदाज घरीही बांधता येतो. डीबीएसचा एक ढोबळ नियम आहे: लेव्होडोपाने जे सुधारतं ते डीबीएसने सुधारतं, जे लेव्होडोपाने सुधारत नाही ते सहसा डीबीएसनेही नाही. (थरथर याला अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी डीबीएसला देऊ शकते.) हाच नियम रात्रीला लावा. तुमच्या डॉक्टरांना विचारून, दोन-तीन रात्री जाग येईल तेव्हा लेव्होडोपाचा एक डोस देऊन बघा. पाऊण तासात बाबा स्वतः कूस बदलू लागले आणि पुन्हा डोळा लागला, तर त्यांची ती जाग ऑफची होती आणि डीबीएसनंतर तीच रात्र सलग मिळायची शक्यता चांगली आहे. गोळी चढूनही डोळे टक्क उघडे राहिले, तर कारण दुसरं आहे: लघवी, चिंता, नैराश्य किंवा घोरणं. ते आधी शोधायला हवं. मला ही साधी परीक्षा फार मोलाची वाटते. शिवाय यातून कधीकधी असंही निघतं की रात्री झोपताना लांब चालणारी गोळी किंवा रोटिगोटिन या औषधाचा कातडीवर लावायचा पॅच दिला तर तेवढ्यानेच भागतं. झोपेसाठी म्हणून डीबीएस कोणी करत नाही, करूही नये. ते दिवसाच्या ऑफसाठी आणि गोळीमुळे होणाऱ्या अनावश्यक हालचालींसाठी करायचं. रात्र सुधारली तर तो त्याचाच भाग.

आता हाणामारी. याला आरबीडी (रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर), म्हणजे स्वप्नाच्या झोपेतला वर्तनविकार, म्हणतात. स्वप्नाच्या झोपेत आपलं अंग निसर्गतःच ढिलं पडतं. ती ढील देणारं केंद्र मेंदूच्या देठात आहे. पार्किन्सन्समध्ये हे केंद्र बिघडतं, तेही अनेकदा थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी. मिनियापोलिसच्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या देशांतल्या १,२८० जणांच्या पाहणीत, आरबीडीखेरीज दुसरं काहीही नसलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना १२ वर्षांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या जातकुळीतला आजार झाला. तुमच्या आईला विचारा, बाबा झोपेत ओरडायला कधी लागले. पुष्कळ बायका क्षणभर विचार करून सांगतात, "अहो, हे तर थरथर सुरू व्हायच्या आधीपासूनचं आहे."

आणि एक गोष्ट घरच्यांना फार चक्रावते. जागेपणी ज्यांचा हात सदऱ्याच्या गुंडीपर्यंत नीट जात नाही, त्यांचा तोच हात स्वप्नात सपकन उठतो. दिवसभर पुटपुटणारा आवाज रात्री खणखणीत येतो. तो कंडक्टर झोपेत "पुढे सरका, पुढे सरका" असं अख्खी गाडी ऐकेल एवढ्या जोराने ओरडायचा. यावरून दिसतं की स्वप्नातली हालचाल ज्या वाटेने येते ती वाट, जिथे आपण तार बसवतो त्या केंद्राला वळसा घालून जात असावी. म्हणूनच यंत्र कितीही वाढवलं तरी ही हाणामारी थांबत नाही. आणि म्हणूनच, रागावलेली माणसं मला विचारतात तसं, "दिवसा नाटक करतात का?" हा प्रश्न बाबांवर अन्याय करणारा आहे. तो घरात कोणाच्या मनात आला असेल तर काढून टाका.

यावर उपाय आहेत. मेलॅटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) झोपण्यापूर्वी ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवता येतं. क्लोनाझेपाम पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम पुष्कळांना लागू पडतं, पण घोरताना श्वास अडकत असेल, तोल जात असेल किंवा विसराळूपणा असेल तर मी ते टाळतो. नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी गोळी चालू असेल तर ती आरबीडी वाढवू शकते. डॉक्टरांना आठवण करा, स्वतःहून बंद करू नका. पलंगाशेजारचं काचेचं टेबल आणि तांब्या-भांडं हलवा. पलंग उंच असेल तर काही महिने गादी जमिनीवर घाला किंवा बाजूला दुसरी गादी टाका.

दिवसाच्या पेंगेमागे बाबांच्या बाबतीत मला पहिला संशय प्रॅमिपेक्सोलचा येतो. या गटातल्या गोळ्यांनी कधीकधी बसल्याजागी, काही कळायच्या आत डोळा लागतो. बाबा अजून स्कूटर किंवा गाडी चालवत असतील तर आजच थांबवा. सबथॅलॅमिक डीबीएसनंतर गोळ्यांचं एकूण प्रमाण बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतं आणि अनेकांची पेंग त्याबरोबर जाते. मात्र प्रॅमिपेक्सोल झटकन तोडलं तर माणूस उदास होतो, कशातच मन लागत नाही, घाबरं होतं, रात्रभर जाग राहते. पायांत वळवळ सुरू होऊ शकते, किंवा आधीची दबलेली वळवळ वर येते. माझ्या एका पेशंटच्या गोळ्या दुसऱ्या गावी, "आता मशीन आहे ना" म्हणून एकदम बंद केल्या होत्या. ते तीन आठवडे नीट झोपले नाहीत आणि घरच्यांना वाटलं ऑपरेशन फसलं. गोळी हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरवायची असते.

याच्या उलटही होतं आणि तेव्हा थांबू नका, लगेच फोन करा. यंत्र चालू केल्यावर किंवा वाढवल्यावर बाबांना झोपेची गरजच वाटेनाशी झाली, दोन तास झोपून ताजेतवाने, सतत बोलणं, अवाच्या सवा खरेदी, उगाच वाद, तर उत्तेजन त्या केंद्राच्या मनाशी जोडलेल्या भागात पसरत असण्याची शक्यता आहे. घरचे बिचारे आनंदात असतात, "बाबा किती उत्साही झाले!" सेटिंग बदललं की बहुधा हे निवळतं. पण तोपर्यंत घरात भांडणं होऊन बसतात आणि पैसा जातो.

ऑपरेशनच्या दिवसांबद्दलही थोडं. ज्यांचं ऑपरेशन जागेपणी होतं त्यांच्या गोळ्या सहसा आदल्या रात्रीपासून बंद ठेवतात. ती रात्र अवघड जाते. शक्य असेल तर रात्री बाबांना वळवायला आईऐवजी तुम्ही किंवा भाऊ थांबा. तार बसल्यावर यंत्र चालू न करताही पहिले काही दिवस छान जातात. तार घातल्याने त्या जागी थोडी सूज येते, तिचाच तो परिणाम. मग सूज ओसरते आणि जुना ताठरपणा परत येतो. याच सुमारास घरांतून रडवेले फोन येतात. हे अपेक्षित असतं. बऱ्याच ठिकाणी यंत्र दोन ते चार आठवड्यांनी चालू करतात आणि योग्य सेटिंग सापडायला काही महिने लागतात. या भेटींमध्ये रात्रीचं मुद्दाम सांगा: किती वाजता जाग आली, कूस स्वतः बदलली का, पहाटे पाय आखडला का. सांगितलं नाही तर सेटिंग दिवसाकडे बघूनच ठरतं.

यंत्र रात्री बंद करू नका. केवळ थरथरीच्या दुसऱ्या एका आजारात, इसेन्शियल ट्रेमरमध्ये, रात्री यंत्र बंद ठेवून बॅटरी वाचवतात आणि ते ऐकून कोणीतरी तुम्हालाही सल्ला देईल. पार्किन्सन्समध्ये तसं केलं तर जी रात्र मिळवली तीच घालवाल. बॅटरी संपत आल्याची सूचनाही हलक्यात घेऊ नका. उत्तेजन अचानक थांबलं तर अंग कडक होऊन, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. आणि खांद्या-पाठीच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपीला गेलात तर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कदापि घ्यायचा नाही. हे कागदावर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा.

लघवीला उठणं हे जाग येण्याचं फार मोठं कारण आहे. डीबीएसने काहींना थोडा फरक पडतो, त्यावर विसंबू नका. संध्याकाळी सहानंतर चहा-पाणी कमी, पलंगाजवळ लघवीचं भांडं, पुरुषांना प्रोस्टेटची तपासणी. अमँटाडिन आणि सेलेजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळ्या चालू असतील तर त्या सकाळी-दुपारीच संपवा, रात्री दिलं तर झोप उडते. घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल तर स्लीप स्टडी (झोपेची रात्रभर तपासणी) ऑपरेशनच्या आधी करून घ्या, कारण नंतर यंत्राच्या विजेमुळे मेंदूच्या आलेखात खडखड येते आणि तो वाचणं कठीण जातं. डीबीएसनंतर पुष्कळांचं वजन वाढतं आणि वजनाबरोबर घोरणंही, हेही लक्षात असू द्या.

मेंदूतल्या लहरी वाचून उत्तेजन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांना २०२५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. झोपेत या लहरी बदलतात, त्यामुळे रात्रीसाठी वेगळं उत्तेजन देता येईल ही आशा रास्त आहे. पण तेवढ्यासाठी बाबांचं ऑपरेशन लांबवा असं मी म्हणणार नाही.

आज रात्रीपासून करण्यासारखं सांगतो. सोलापुरी चादर आणि गोधडी काढा. चादरीच्या जाड विणीवर अंग सरकत नाही आणि गोधडीचं वजन बाबांना पेलत नाही. पलंगाच्या मधल्या भागात, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल असा सॅटिनचा पट्टा शिवून तो गादीखाली घट्ट खोचा. पायाकडे साधी चादरच राहू द्या, टाचेला रेटा मिळायला हवा. वर हलकं पांघरूण. त्या कंडक्टरच्या पत्नीने जुन्या साडीचं अस्तर कापून असा पट्टा केला होता. ऑपरेशनच्या आधीच त्यांच्या हाका निम्म्यावर आल्या. डीबीएसनंतर तिने पुन्हा व्हिडिओ आणला, त्यात ते एका दमात वळतात. ओरडणं चालूच होतं, मेलॅटोनिनने पुढे ते बरंच कमी झालं. ती म्हणाली, "आता यांनी हाक मारली नाही तरी मला दोनला जाग येते." तिची झोप परत यायला त्यांच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. तिथल्या शुभंकरांशी आईंना बोलू द्या. रात्री कशा काढायच्या ते त्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सर्जनच्या पुढच्या भेटीला जाताना सात रात्रींची वेळेसह नोंद, एखादा व्हिडिओ आणि सगळ्या गोळ्यांच्या वेळा घेऊन जा. आईंनाही बरोबर न्या आणि बोलायला लावा, कारण रात्री काय होतं ते बाबांना स्वतःला ठाऊक नसतं.

आणि आईंचं अंथरूण आजच वेगळं करा. त्याच खोलीत, हाताच्या टप्प्याबाहेर, पण हाकेच्या अंतरावर. उशाशी एक घंटी बाबांना द्या. पन्नाशी-साठीच्या पुढच्या बाईला हे सुचवायला मुलांना संकोच वाटतो आणि ती स्वतः तर कधीच म्हणणार नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय असं सांगा.